भागम्मानं वाजवलेली काच

वालूरात पहिली बातमी आली ती अशी. भागम्मानं हैदराबादेत सरकारी अजबखान्याची काच फोडली, आतली चांदी कमरेला खोचली, घंटा वाजली, बंदूकवाले धावले आणि पोरानं पाय धरले म्हणून तिला सोडलं. शेजारच्या मनकर्णानं ही बातमी नळावर उघडली. सुमनबाईनं ती पिठाच्या गिरणीत चांगली मळली. दिवेलागणीपर्यंत भागम्माच्या कमरेला चांदीचं अख्खं ताट, दोन समया आणि कोण्या नवाबाची सुरई लटकली होती. साठीला आलेली, गुडघे धरून उठणारी बाई एवढं ओझं घेऊन पळणार कशी, हे कोणी विचारलं नाही. असले प्रश्न विचारले की बातमीची चव जाते.

खरं ते असं. काच फुटली नाही, नुसती वाजली. भागम्मानं दुकानाच्या किल्लीनं ती वाजवली, आत कोणी असेल तर दार उघडेल अशा बेतानं. बंदूक कोणाकडंच नव्हती. एक म्हातारा पहारेकरी होता, तो पळत आला आणि दम लागल्यामुळं आधी स्वतःच खुर्चीवर बसला, मग उठून ती खुर्ची त्यानं भागम्माला दिली. चांदी जागच्या जागी राहिली. पण त्या खुर्चीवर बसल्या बसल्या भागम्माला जे कळलं, ते नळावर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणूनच ते सगळ्या वालूराला कळलं.

भागम्मा म्हणजे बसस्टँडजवळच्या किराणा दुकानाची मालकीण. नवरा गुरुपादआप्पा, धान्याचा व्यापारी, तोंडानं कमी आणि मानेनं जास्त बोलणारा. त्याच्या वाटणीचं बोलणंही हीच करायची. तिची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक. कुठलीही वस्तू उलटी करून मागून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. वांगं घेतलं तर देठाकडून बघेल, लुगडं घेतलं तर उलटी बाजू आधी. सून करायला म्हणून धनश्रीला बघायला गेली तेव्हा पोहे खाऊन झाले, नाव-गाव विचारून झालं, आणि ही म्हणाली, "पोरी, जरा पाठमोरी हो." मुलीकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. धनश्री वळली, हिनं वेणी बघितली, टाचा बघितल्या आणि म्हणाली, "चालंल." गुरुपादआप्पा वाटेत म्हणाला, "भागा, देवानं मानसाला तोंड समोर दिलंय, तू मागून काहून बगतीस?"

"समोरचं लोक धुवून ठिवतेत," भागम्मा म्हणाली.

अशा बाईनं एक गोष्ट मात्र मागून बघितली नाही. समोरून आली तशी घेतली आणि जिवाशी धरून ठेवली. ती गोष्ट म्हणजे तिच्या पोराचा, शंभुराजचा, एक शब्द.

झालं होतं असं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गुरुपादआप्पाला धाप लागली. परभणीत खाट मिळेना, नांदेडात मिळेना, तेव्हा शंभुराजनं गाडी करून त्याला थेट हैदराबादेला नेलं. बायकांना येऊ दिलं नाही. गाडीत बसताना आप्पानं गळ्यातली चांदीची डबी सदऱ्याच्या आत सारली, ती भागम्मानं बघितलेली त्याची शेवटची हालचाल.

त्या डबीत त्याचं लिंग होतं. लिंगायताच्या घरात ते जन्मापासून माणसाच्या अंगावर असतं. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मग जेवायचं. अंगावरून उतरवायचं नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आणि माणूस गेला की त्याला मातीत बसता ठेवायचं आणि ते लिंग त्याच्या डाव्या हातात द्यायचं. मग तो एकटा नसतो. हातात काही नसताना गेला, तर तो कुठं बसलाय आणि कुणाची वाट बघतोय, हे विधी सांगणारे जंगमस्वामीसुद्धा सांगत नाहीत. विषय बदलतात.

फोन आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्या वर्षीच्या रीतीप्रमाणं तिथल्याच लोकांनी अंत्यविधी उरकला, आणि तोही आगीत. मातीत बसायचा माणूस जाळला. भागम्मा रडली नाही. तिनं फोनवर एकच विचारलं, "लिंग हातात दिलं का?"

"दिलं, माय," शंभुराज म्हणाला. "डाव्या हातात. मी सोता उबं राहून ठिवायला लावलं."

त्या शब्दावर भागम्मानं पुढची वर्षं काढली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "आगीत गेला तर गेला. हातात लिंग हुतं त्याच्या." आणि ऐकणारा मान हलवायचा.

शंभुराज मात्र परत आला तो जरा वेगळाच. हैदराबादचं नाव काढलं की त्याला दुसरं काम आठवायचं. दुकानाचा माल हैदराबादेहून स्वस्त पडतो हे माहीत असून तो नांदेडातच घ्यायचा. सकाळी आई पूजेला बसली की हा शटर उघडायला पळायचा. गल्ली म्हणायची, पोरानं धसका घेतला. भागम्माही तेच म्हणायची.

यंदा उन्हाळ्यात भागम्माच्या डोळ्यात पाणी यायला लागलं. मोतीबिंदू आधीच काढलेला, पण पुन्हा सगळं धुरकट दिसायलं. धनश्रीनं मोबाइलवर हैदराबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. शंभुराज म्हणाला, "नांदेडला दावू." धनश्री म्हणाली, "नंबर लागलाय." तो म्हणाला, "तुमी दोघी जा." भागम्मा म्हणाली, "आंधळी सासू अन् नवखी सून हैदराबादेत सोडतूस का रं?" तेव्हा तो मुकाट आला.

सेलूला गाडीत बसल्यापासून तो खिडकीकडं पाठ करून होता. हैदराबादेत उतरल्यावर त्यानं रिक्षावाल्याला सरळ रस्ता सोडून लांबून घ्यायला लावलं. रिक्षावाला म्हणाला, "भाई, इधर से नजदीक है." शंभुराज म्हणाला, "उधर नक्को." भागम्मानं ते ऐकलं आणि पदराला गाठ मारावी तसं मनात ठेवून दिलं.

दवाखान्यात डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या केल्या, तपासलं. काही काळजीचं नव्हतं. फक्त डॉक्टरीण म्हणाली, संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल, उजेड सोसणार नाही. परतीची गाडी संध्याकाळची, बाहेर ऊन असं की डांबराचा वास यायला लागलेला. रिक्षावाल्यालाच दया आली. म्हणाला, देशभरची संस्कृती दाखवणारं मोठं केंद्र आहे, तिकीट नाही, आत थंडगार आहे, बसायला बाकडी आहेत.

"तिकीट न्हाई?" भागम्मा म्हणाली. "फुकट काहून दावायलेत?"

"सरकारी हाय, आत्याबाई," धनश्री म्हणाली.

"मग तर पुसूनच आत जावं लागल."

ती दुकानदारीण. फुकट म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो. पण पाय भाजत होते, म्हणून तिघं आत गेली.

आत थंडी अशी की भागम्मानं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. डोळ्यांत औषध, त्यामुळं दिवे तिला गोळ्यासारखे दिसत होते आणि दिव्यांच्या मधली जागा काळी. पहिल्या दालनात लुगडी नेसलेल्या बाया उभ्या होत्या. भागम्मानं एकीला विचारलं, "बाई, मोरी कुनीकडं हाय?" बाई बोलेना. धनश्री खुसखुसली, "आत्याबाई, मातीची हाय ती." भागम्मा जवळ गेली. बाईला नाक होतं, ओठ होते, डोळ्यांच्या जागी नुसता सपाट भाग. डोळे करायचे राहून गेले होते की मुद्दाम केले नव्हते कोण जाणे.

पुढं पागोटी होती, खाली डोकी नाहीत. पाळणा होता, लेकरू नाही. एका कोपऱ्यातून गेलं की आपोआप संबळ वाजायचा, वाजवणारा दिसायचा नाही. लाकडी खडावांचा एक जोड असा ठेवलेला, की घालणारा नुकताच उतरून आत गेलाय. धनश्री पाट्या मोठ्यानं वाचत होती. ती रंगली होती. भागम्मा मात्र दर दालनात पदर जास्त आवळत होती.

"ह्या वस्तूंचे धनी कुटं गेले?" तिनं विचारलं.

"मेले असतील की, आत्याबाई. जुन्या हायत."

"मेलं तर वस्तू घरात राहती. हितं काहून आली?"

धनश्री पुढची पाटी वाचायला लागली. शंभुराज मागं मागं येत होता, मोबाइलमध्ये बघत, आणि आतापासूनच "गाडीचा टाइम हुईल" असं म्हणत होता. गाडीला अजून दुपार सरायची होती.

आपल्याकडच्या आणि कर्नाटकाच्या वस्तूंचं दालन शेवटी होतं. उखळ, जातं, बैलांच्या झुली, आणि भिंतीत बसवलेलं काचेचं एक छोटं कपाट. वरून एकच दिवा. धनश्रीनं वाचलं, "चांदीची डबी, धार्मिक वापराची," आणि ती वळून सासूच्या गळ्याकडं बघायला लागली. कारण तशीच डबी तिच्या गळ्यात होती, सासूच्या गळ्यात होती, नवऱ्याच्या गळ्यात होती.

भागम्माचा हात आधी स्वतःच्या छातीवर गेला. आपली आहे का ते तिनं चाचपलं. आहे म्हटल्यावर मग ती काचेला नाक लावून उभी राहिली.

लिंगाची डबी अशी सुटी राहते कशी? पेटीत नाही, देव्हाऱ्यात नाही, दिव्याखाली लोकांना बघायला. ती इथं असेल तर कोणीतरी तिच्याशिवाय गेलाय. कुठंतरी मातीत एक माणूस डावा हात उघडा धरून बसलाय. एवढा विचार तिच्या मनात आला आणि लगेच दुसरा आला. डबी लिंबाएवढी. वर दोरा ओवायच्या दोन कड्या. त्यातली एक तिला चेपलेली दिसली.

गुरुपादआप्पाच्या डबीची एक कडी चेपलेली होती. दुकानाच्या फळीत सापडून. आणि त्याच दिवशी मागून डबी फाटली होती, तिथं सेलूच्या सोनारानं तांब्याचा तुकडा लावून डाग दिला होता. चांदीला तांबं का लावलं म्हणून भागम्मा त्या सोनाराशी बाजारभर भांडली होती.

दिवा डोळ्यांत घुसत होता. डबी मोठी व्हायची, बारीक व्हायची, हलल्यासारखी वाटायची. तिला मागची बाजू बघायची होती. मागं भिंत.

"शंभू," ती म्हणाली. "इकडं ये. हिच्या मागं तांब्याचा डाग हाय का बग."

शंभुराज आला नाही. तो दालनाच्या दारात थांबला होता. तिथूनच डबीकडं बघत होता. त्याचा चेहरा भागम्माला दिसत नव्हता, तिथं नुसता एक पांढरट गोळा होता. पण त्या गोळ्यातून आवाज आला तो पोराचा नव्हताच, एखाद्या लहान लेकराचा होता.

"चल माय. गाडी चुकंल."

"गाडी सांजच्याला हाय."

"चल मनतो ना."

"डाग बग अन् मग जाऊ."

"मी न्हाई बगत!"

संबळ कोणाच्या तरी जाण्यानं वाजायला लागला आणि थांबला. भागम्मानं कमरेची किल्ली काढली आणि काचेवर तीनदा वाजवली. वर कुठंतरी घंटा ओरडायला लागली. पहारेकरी पळत आला.

"अम्मा, कांच कू हात नक्को! क्या होना तुमकू?"

"ही डबी हुलटी करा," भागम्मा म्हणाली.

"क्या?"

"हुलटी. मागून बगायची मला."

खुर्ची तिथंच मिळाली. माणसं जमली, कोणीतरी मोबाइल काढला, वालूराला चांदी चोरल्याची बातमी तिथूनच आली असावी. मग केंद्रातली एक मॅडम आली. नशिबानं नांदेडकडची होती, तिला बोलणं समजलं. तिनं घंटा बंद करायला लावली, गर्दी पांगवली आणि भागम्माजवळ खाली बसून विचारलं, "काय झालं, मावशी?"

"माझ्या मालकाची वाटायली. मागं तांब्याचा डाग असंल तर त्याचीच."

मॅडम म्हणाली, कपाट असं उघडता येत नाही. पण प्रत्येक वस्तूचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो कार्यालयात आहेत, मी घेऊन येते, तुम्ही बसा. पाणी पाठवते. आणि ती गेली.

आता इथं शंभुराजनं काय करायचं होतं? काही नाही. तोंड मिटून उभं राहायचं होतं. मॅडम पायऱ्या चढून जाईपर्यंत आणि उतरून येईपर्यंत, बस. वालूरात जेव्हा जेव्हा ही गोष्ट निघते तेव्हा कोणीतरी कपाळाला हात लावून हेच म्हणतं, अरे थोडं थांबला असतास तर! पण ज्याच्या पोटात असं काही वर्षानुवर्षं पडून असतं, त्याला थांबणं जमत नाही.

तो येऊन आईच्या पायाशी फरशीवर बसला. वर बघेना.

"माय, मी इकली न्हाई. तुझी आन, न्हाई इकली."

भागम्मानं त्याच्यावर विकल्याचा आळ घेतलाच नव्हता. तिच्या डोक्यातही ते नव्हतं. ती म्हणाली, "काय इकली न्हाई?"

"डबी. आप्पाची. मी तितं ठिवली हुती. कुनी नेली, हितं कशी आली, मला म्हाईत न्हाई."

धनश्रीचं तोंड उघडं राहिलं. भागम्मानं तोंड त्याच्याकडं वळवलं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळं तिचे डोळे नुसते काळे दिसत होते.

"कुटं ठिवली?"

"दवाखान्यात. त्यांनी पिशवीत घालून दिलं सगळं. घड्याळ, मोबाइल, डबी. मनले, डबी सोबत द्यायची असली तर हा पोशाख घाला अन् आत चला. मी पोशाख घातला. दारापसवर गेलो, माय. आत... सगळे गुंडाळलेले. रांगच्या रांग. आप्पा कोन्ते ते बी कळंना. एकाचा पाय हालल्यावानी वाटला. मी मागं फिरलो. पिशवी जिन्याच्या खिडकीत ठिवली अन् खाली आलो."

"घेऊन काहून न्हाई आलास?"

"हात लावायला भ्यायलो. लागन बिमारी मनलं. तुमाला आनून दिन बिमारी."

"अन् मला मनलास, डाव्या हातात."

"मग काय मनू?"

दालनात एवढी थंडी, पण पोराच्या कपाळावरून घाम गळत होता. भागम्मानं तो पुसला नाही. ती डबीकडंच बघत होती, की डबीच्या जागी दिसणाऱ्या उजेडाकडं, कोण जाणे. मग तिनं विचारलं, "खिडकी कुनीकडल्या तोंडाची हुती?"

"आँ?"

"सकाळचं ऊन येत हुतं का तिच्यात?"

"म्हाईत न्हाई, माय."

"बगितलं न्हाईस."

मॅडम फोटो घेऊन आली. टॅबवर मोठा करून भागम्मापुढं धरला. भागम्माला नुसता चकाकता ठिपका दिसला. तिनं टॅब सुनेकडं सरकवला. "तू बग. तू खोटं बोलत न्हाईस."

धनश्रीनं बघितलं, बोटानं मोठं करून पुन्हा बघितलं. "डाग न्हाई, आत्याबाई. मागून एकदम साफ हाय. कडी बी चेपलेली न्हाई, सावली हाय ती."

मॅडमनं सांगितलं, डबी फार जुनी आहे, लांबच्या एका घराण्यानं स्वतःहून दिलेली. भागम्मानं विचारलं, "आत लिंग हाय का?"

"नाही, मावशी. ते म्हणाले, लिंग आजोबांच्या हातात दिलं आणि डबी तेवढी मागं ठेवली. आठवण म्हणून."

"बरं झालं," भागम्मा म्हणाली. "सुखी हाय मग त्यो."

ती उठली. मॅडमला तिनं नमस्कार केला, पहारेकऱ्याला त्याची खुर्ची परत केली. परक्याची डबी दिव्याखाली होती तशीच राहिली आणि शंभुराज फरशीवर बसलेला तसाच. त्याच्याकडं न बघता भागम्मा म्हणाली, "ऊठ. आता गाडीचा टाइम हुयलाय." तेव्हाही झालेला नव्हता.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वालूरात आली, दुकान उघडलं, गिऱ्हाईकाला साखर बांधून दिली. पोराला एका शब्दानं बोलली नाही. आणि इथंच गल्लीची झोप उडाली. भागम्मा ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या, डोकं आपटलं असतं, तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. चार जणी समजूत काढायला गेल्या असत्या, चहा झाला असता. ही त्याला वाढत होती, "भाजी घे" म्हणत होती. धनश्रीनं सगळं आपल्या आईला फोनवर सांगितलं, धनश्रीचा फोनवरचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जातो, म्हणून तर लोकांना कळलं. भागम्माच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं.

मग लोकांना ती भलत्या ठिकाणी दिसायला लागली. सेलूला माल आणायला गेली की सराफाच्या काचेपुढं उभी राहायची. घ्यायची काही नाही, नुसती बघायची, आणि सराफ आपोआप गल्ल्याला कुलूप लावायचा. पुढं तर ती जिने चढायला लागली. गुडघे धरून, एकेक पायरी. कुठली दोन मजली इमारत दिसली की आत जायची आणि जिन्याच्या खिडकीत हात घालून चौकट चाचपायची. सेलूच्या एका कचेरीत शिपायानं विचारलं, "मावशी, काय हरवलं?" तर म्हणाली, "हितं न्हाई." झरीला तिच्या भावजयीकडं नवं घर बांधलं, वास्तुशांतीला गेली, तर बायका हळदी-कुंकवाला बसल्या आणि ही जिन्यात. भावजयीनं तिला बळंच खाली आणलं. हाताला सगळा चुना लागलेला.

त्याहून वाईट मनकर्णानं बघितलं. मनकर्णाच्या न्हाणीतून भागम्माचं देवघर दिसतं, तिचा काही दोष नाही, न्हाणीच तशी बांधलीय. तिनं बघितलं, की रोज सकाळी भागम्मा पूजेला बसते आणि शंभुराजला शेजारी बसवते. तो शटर उघडायला पळत नाही आता. पूजा झाली की आपलं लिंग तळहातावरून उचलते आणि पोराच्या हातात ठेवते. "धर," म्हणते. पोराचा हात थरथरतो. "सोडू नको," म्हणते. मग आपण डोळे मिटून भिंतीला टेकून बसते, डावा हात मांडीवर उघडा ठेवून, आणि बोलत नाही, हलत नाही. श्वास घेते की नाही तेही कळत नाही म्हणे. मग शंभुराज ते लिंग हळूहळू तिच्या उघड्या हातात ठेवतो. एखाद्या दिवशी त्याला जमत नाही. त्या दिवशी पुन्हा.

स्वतःचं लिंग दुसऱ्याच्या हातात! लिंगायताच्या लहान लेकराला कळतं की हे करायचं नसतं. सुमनबाई म्हणाली, पोरावर करणी करायलीय. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. कोणी म्हणालं, औषधानं डोळे गेले आणि बुद्धीही गेली. शंभुराजला विचारलं तर तो म्हणायचा, "माय मनती तसं करतो," आणि साखरेच्या पोत्याकडं वळायचा. असली रोज तालीम करणारा पोरगा कोणी बघितलाय? पण एक गोष्ट खरी, की त्याचा हात आताशा कमी थरथरतो. हेही मनकर्णानंच सांगितलं.

शेवटी राहवलं नाही म्हणून मनकर्णा दुकानात गेली. एक साबण मागितला, तो उलटसुलट केला, सुटे पैसे नाहीत म्हणाली, पुन्हा बघितला, आणि मग मुद्द्यावर आली.

"अक्का, राग धरू नको. पन दुसरी कुनी असती ना, असल्या पोराला हुंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. बापाला तसं टाकून आला अन् तुला खोटं सांगितलं. तू त्याला वाढतीस, वरून लिंग हातात देतीस. हाकलून काहून देत न्हाईस?"

भागम्मानं साबण तिच्या हातातून घेतला, फळीवर परत ठेवला.

"हाकलला तर माझ्या वक्ताला माझं लिंग माझ्या हातात कोन ठिवंल, तू? त्यानंच ठिवायचं हाय, मनून रोज हात बसवायलेय त्याचा. अन् ह्या बारीला भिऊन पळाला, तर मी उठून त्याच्या मागं येईन, ते बी सांगून ठिवलंय त्याला."